ईटच्या बरडात गाडलेली धसकटं

तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाणारे पुष्कळ असतात. तिथून भूमच्या वाटेला लागणारे थोडे, आणि भूमहून पुढे ईटला उतरतात ते ज्यांचे तिथे काही काम असते तेवढेच. माझे काम समाचाराचे होते. कृष्णाकाठच्या ज्या शेतकी शाळेत मी माती हा विषय शिकवतो, तिथे ईटचा महेबूब नावाचा एक तरुण वर्षभर शिकून गेला होता. तो उन्हाळ्यात तापाने गेल्याचे मला आषाढात कळले आणि मी निघालो कार्तिकात. मधल्या महिन्यांत परीक्षा होत्या, पाऊस होता, घरचे सण होते. ही कारणे खरी असली तरी पुरेशी नव्हती, हे एसटीच्या खिडकीशी बसल्यावर मला कळत होते.

भूम

भूमला आठवड्याचा बाजार भरला होता. ईटची गाडी दुपारची असल्याने हिंडायला वेळ मिळाला. आमच्याकडच्या बाजारात हिरवाई पुढे येते, ऊस, केळी, कोथिंबिरीचे ढीग. इथे सगळे करडे, तांबूस, कोरडे. मिरच्या, करडई, घोंगड्या, दोर, मडकी. मात्र खवा असा, की पानावर घेतलेला गोळा बोटांना तूप लावून गेला. मी तो उभ्यानेच संपवला आणि दुसरा घेतला. समाचाराला निघालेल्या माणसाने असे खावे का, हा विचार दुसरा संपल्यावर आला.

खव्याच्या भट्ट्या बाजाराच्या टोकाला होत्या. तिथे बायका डोक्यावर भारे घेऊन रांगेने येत होत्या. भाऱ्यांत तुराट्या होत्या, थापलेल्या गोवऱ्या होत्या आणि सर्वांत जास्त धसकटं होती. ज्वारी कापून नेल्यावर मुळासकट जमिनीत उरतात ती हातभर खुंटं. उन्हाळ्यात कुळवाने ती उपटून निघतात. काही शेताच्या बांधावरच पेटवतात, काही चुलीत जातात, काही अशी भट्टीकडे येतात. मी तिथे जरा वेळ उभा राहिलो. ज्या रानातून ती निघाली होती त्या रानाने हवेतला कर्ब धरून वर्षभर जे रचले, ते एका दुपारीत पुन्हा हवेत चालले होते, आणि त्या भाऱ्यांमागे शेणही. मातीकडे परत काय जाते हे मोजणारे तिथे कोणी नव्हते.

आमच्या कृष्णाकाठी तरी कोण आहे? उसाचे पाचट आम्ही फाल्गुनात पेटवतो. त्याची काजळी वाळत घातलेल्या धोतरांवर येऊन बसते आणि मी, माती शिकवणारा, धोतर झटकून वर्गावर जातो. परमुलखात उभे राहिल्यावर माणसाला स्वतःचे अंगण स्वच्छ दिसते, हा प्रवासाचा मोठा लाभ आहे. तो सुखाचा असतोच असे नाही.

ईट

ईट हे मोठे गाव आहे. गाडीतून उतरल्यावर महेबूबचे नाव काढताच एका दुकानदाराने फळीवरून खाली उतरून मला घरापर्यंत पोचवले. ही रीत आमच्याकडे उरलेली नाही; आम्ही हाताने दिशा दाखवतो.

महेबूबची पत्नी हमीदाबी तिशीच्या आतबाहेरची, डोक्यावर पदर घट्ट ओढलेली, बोलण्यात कुठेही रेंगाळणे नसलेली बाई. तिने माझ्यापुढे गुळाचा चहा ठेवला. मी सांत्वनाचे चार शब्द जुळवून आणले होते. माझा आवाज मुळात बारीक. त्यातले दोन तरी तिच्यापर्यंत पोचले की नाही, शंका आहे.

ती म्हणाली, "तुमी आलात, लई बरं झालं, सर. त्यांच्या तोंडी तुमचंच नाव असायचं. धसकटं जाळायची न्हाईत, मातीला द्यायची, असं म्हणायचे. औंदा करू, औंदा करू करत ऱ्हाऊन गेलं. मग म्या केलं."

"काय केलंत?"

"बरडात गाडली. आमची, अन् बांधावर लोकं जाळत हुती त्यांची बी. रानातल्या कोपीचं सडकं छप्पर बी गाडलं." तिने रिकामा कप उचलला. "जवारी पिवळी पडलीय, सर. बघायला येता का?"

बरडाकडे जाताना बाकीचे ज्ञानबाने सांगितले. ज्ञानबा हा त्या घरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राहिलेला गडी; महेबूबच्या बापापासून तिथे होता आणि घरच्यासारखाच बोलत होता. महेबूब गेल्यावर त्याचे थोरले भाऊ चाँदपाशा यांनी सांगितले, की बाईमाणसाने रान कसायची गरज नाही, दोन्ही रानं मी बघतो, घरी धान्य पोचवीन. यात वाईट हेतू नव्हता. हमीदाबीने मात्र भावकीसमोर उत्तर दिले, की येळवशीला माझी बरडातली ज्वारी तुमच्या शेजारच्या बरडातल्या ज्वारीपेक्षा खुजी निघाली, तर माझ्या हातचा कासरा तुम्ही घ्या. तोवर नको.

"अन् मंग धसकटं गाडली," ज्ञानबा म्हणाला. "म्या म्हनलं, बाई, पैज लावायची तर शेणखतावर लावा. पालापाचुळ्यावर कोन लावतं?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची अमावस्या. त्या दिवशी या भागातले गावच्या गाव रानात जेवायला जाते. आमच्या पंचांगात ही अमावस्या इतर अमावस्यांसारखीच येते आणि जाते. इथे त्या दिवशी प्रत्येकाचे पीक सगळ्या गावाच्या डोळ्यांखालून जाते. हमीदाबीने मुदत विचार करून निवडली होती.

बरड म्हणजे हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. दोन भावांची रानं एकाच उतारावर, मध्ये एक बांध. बांधाच्या अलीकडे चाँदपाशांची ज्वारी गुडघ्याला लागत होती, रंगाने हिरवी. पलीकडे हमीदाबीची ज्वारी नडगीशी, आणि रंग वाळल्या लिंबाच्या पानाचा.

चाँदपाशा तिथेच उभे होते. ताडमाड देह, डोक्याला पांढरा पटका, हातात काठी. सलाम झाला. मग त्यांनी काठीने पीक दाखवले.

"मास्तरसाब, तुमी शिकविलेली विद्या हाय म्हणं ही. सांगा आता, हिचं काय व्हनार?"

मी एक पान हातात घेतले. खालची पाने आधी पिवळी, टोकापासून देठाकडे, नत्राची उपासमार. पुस्तकात या पानाचे चित्र आहे आणि मी ते फळ्यावर काढत आलो आहे. ओळखीचे काही दिसले की मला फार लवकर आनंद होतो. त्या आनंदात मी म्हणालो, "यात नत्र उरलेले नाही. हे पीक यंदा वर येणे कठीण आहे."

एरवी कोणाला ऐकू न जाणारा माझा आवाज त्या उघड्या रानात चांगला लांबवर गेला.

हमीदाबीने वाकून एक ताट सरळ केले, जणू ते वाऱ्याने कलले होते. चाँदपाशांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, नुसता निकाल होता. "सुन्या ना हमीदा? तेरे मास्तरच बोले. येळवस तक कायकू रुकना? घर चल." एवढे म्हणून ते आपल्या रानाकडे वळले.

मी तसाच उभा राहिलो. समाचाराला आलो होतो आणि जे एक जिवंत उरले होते त्याचा मृत्यू जाहीर करून बसलो होतो. मग सुचले ते एवढेच, की मी पान पाहिले होते, माती पाहिलेली नव्हती. ज्ञानबाकडून खुरपे मागून घेतले आणि धोतर खोचून ओळींमध्ये बसलो. वितभर खणल्यावर धसकटं लागली. ती ओली होती, मऊ पडली होती, आणि त्यांच्यावर पांढऱ्या बुरशीचे जाळे पसरले होते. माती नाकाशी नेली. पावसाळ्यात जुन्या झाडाखाली येतो तो वास. मेलेल्या जमिनीला असा वास येत नाही.

"हे गाडलंत कधी?" मी विचारले.

"हस्ताच्या तोंडावर," हमीदाबी म्हणाली. "पेरणीच्या आधी चार-दोन दिस."

"इतक्या उशिरा का?"

तिने बांधापलीकडे नजर टाकली. उत्तर ज्ञानबाने दिले. "बैल एक हिकडचा, एक तिकडचा. दोन घरांची मिळून जोडी. थोरल्यांचं रान आधी, मग आमचं. पैल्यापासून तसंच हाय."

तेव्हा मला सगळे उलगडले. तिथेच बांधावर बसून मी त्यांना सांगितले, आणि सांगताना लक्षात आले की वर्गात इतक्या साध्या शब्दांत मी हे कधी सांगितलेले नाही.

"मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. हे धसकट त्यांचं अन्न. पण धसकट म्हणजे नुसती भाकरी आहे, कालवण अजिबात नाही. भाकरी कर्बाची, कालवण नत्राचं. कालवणाशिवाय त्यांनाही घास गिळवत नाही. मग ते मातीत असेल नसेल ते कालवण ओढून घेतात, आणि ज्वारीच्या ताटात काही उरत नाही."

हमीदाबीने क्षणभर विचार केला. "म्हंजे घरात पावण्यांची पंगत बसली, अन् लेकरांच्या ताटातलं कालवण त्यांना वाढलं."

"अगदी तसंच."

"मंग ह्ये पावणे जात्यात कवा?" ज्ञानबाने विचारले.

"जात नाहीत. भाकरी संपली की तिथंच मरतात. मग त्यांनी खाल्लेलं कालवण मातीत परत येतं, आणि ज्वारीला मिळतं."

ज्ञानबा हमीदाबीकडे वळला. "बाई, ऐकलंत का? पावणे मरायची वाट बघायची. आन् ह्ये मास्तर समाचाराला आलेत."

हमीदाबी हसली. त्या घरी गेल्यापासून तिला हसताना मी प्रथम पाहिले. मी मात्र हसू शकलो नाही, कारण खरा प्रश्न बाकी होता. धसकटं आषाढात गाडली असती तर पेरणीपर्यंत पंगत उठली असती. आता ती पिकाच्या वाढीच्या दिवसांत बसली होती. केव्हा उठेल हे मला सांगता येत नव्हते, आणि येळवस काही थांबणार नव्हती.

"मग त्यांना कालवण बाहेरून देऊ," ती म्हणाली. "लेकरांच्या ताटाला हात लावायला नको."

शेजारच्या पडीक रानात धनगरांचा मेंढरांसह वाडा उतरला होता. उभ्या पिकात मेंढरं बसवता येत नाहीत. पण लेंड्या आणि मुताने भिजलेली माती गोळा करता येते, पाण्यात कालवता येते, आणि मोटेच्या पाण्याबरोबर पाटातून सोडता येते. आम्ही तिघांनी बोलून हे ठरवले. अडचण एवढीच, की मोटेचे पाणी उताराच्या खालच्या अर्ध्या भागालाच चढत असे. वरचा अर्धा भाग पाण्याच्या वर होता. तिथे आपण काही करू शकत नाही, हे आम्हा तिघांनाही कळले.

परतताना मी चाँदपाशांच्या रानात गेलो आणि म्हणालो, "मघाशी मी घाईने बोललो. जमीन जिवंत आहे. ठरलेल्या दिवसापर्यंत थांबावे, अशी माझी विनंती आहे."

"काय म्हनले?"

मला पुन्हा, मोठ्याने, पाहुण्यांच्या पंगतीसकट सांगावे लागले. आपली चूक दोनदा सांगण्यात, आणि दुसऱ्या खेपेस ओरडून, एक निराळीच शिक्षा आहे.

ते म्हणाले, "दुपारी मेली म्हनता, सांजच्याला जिती झाली म्हनता. तुमी दवाखान्यात न्हाईत ते बरं हाय, मास्तरसाब." मग काठी खांद्यावर टाकून म्हणाले, "येळवशीचा बोल हाय तर येळवशीलाच बघू. म्या बोल फिरवत न्हाय."

निघताना हमीदाबीने दारात सांगितले, "येळवशीला या, सर. जे व्हायचं ते तुमच्या म्होरं होऊ द्या."

माझी चप्पल बरडातच तुटली होती. ज्ञानबाने सुतळीने बांधून दिली, आणि तशीच मी घरापर्यंत वागवली.

पुन्हा ईट, येळवशीच्या दिवशी

मधल्या दिवसांत कृष्णाकाठी मी वर्ग घेत होतो, पण फळ्यावर पिवळे पान काढताना हात अडखळे. वरच्या अर्ध्या भागाचे काय झाले असेल, हा एकच प्रश्न. खालच्या भागाची मला तितकी काळजी नव्हती. तिथे माझा उपाय पोचला होता. या वाक्यातला "माझा" हा शब्द मी तेव्हा तपासला नाही.

आदल्या दिवशी ईटला पोचलो तर घराघरांतून भाज्यांचा आणि आंबट ताकाचा वास येत होता. सकाळी गाव रिकामे झाले. बैलगाड्या, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका, खांद्यावर घोंगडी टाकलेला आणि आंबिलीचे मडके सांभाळणारा एखादा मनुष्य. मडक्याला धक्का लागू नये म्हणून तो नवरदेवासारखा चालतो. हिंदू, मुसलमान, बलुतेदार, सगळे रानाकडे. आमच्याकडे देवळाला गर्दी होते. इतकी माणसे पिकाच्या भेटीला एका दिवशी निघालेली मी आयुष्यात पाहिली नव्हती.

वाटेवरच कळायला लागले, की हे वर्ष उशिराच्या पिकांना जड जाणार. परतीचा पाऊस लवकर तुटला होता. पौष जवळ आलेला, वारा कोरडा, आणि बरडावरच्या ज्वाऱ्या सकाळीच पाने सुरळी करून उभ्या होत्या.

बांधावर कडब्याची कोपी उभारली होती. ज्ञानबाने पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले होते आणि त्यांना हात जोडत होता. हमीदाबी दोन हात अंतरावर पाट्या उतरवत होती. चाँदपाशा आपल्या बायकोमुलांसह आधीच आले होते. मला पाहून म्हणाले, "या मास्तरसाब. आधी जेवायचं, मंग बघायचं. भुक्या पोटी निकाल वंगाळ लागतो."

"आधी बघा, भाईजान," हमीदाबी म्हणाली. "मला घास जायचा न्हाय."

मग मी मान वर केली. खालच्या अंगाला ज्वारी काळीभोर हिरवी होती, दाट, कणसे निसवलेली. लेंड्यांच्या पाण्याने काम केले होते.

चाँदपाशांनी तिकडे एकदाच पाहिले. "खालचं ऱ्हाऊ द्या. त्याला मोटेचं पानी हाय, मेंढरांचं हाय. धसकटांची पैज हुती ना? वरच्या अंगाला चला."

हमीदाबी माझ्याकडे न बघता चालू लागली. भावकीतले चार-सहा लोक मागे आले. आधी आम्ही चाँदपाशांच्या रानाच्या वरच्या अंगाला गेलो. ते आपल्या ज्वारीत शिरून उभे राहिले. ज्वारी त्यांच्या खांद्याला आली. सहा फुटी माणसाच्या खांद्याला बरडातली ज्वारी, तीही अशा वर्षी; ते पीक नावाजण्यासारखेच होते. पण पाने वळली होती आणि शेंडे मलूल झाले होते.

"ही माझी," ते म्हणाले. मग बांध ओलांडला. वरच्या त्या अर्ध्या भागात, जिथे आम्ही कोणीही पाण्याचा एक थेंब सोडला नव्हता, ते काठीने ताटे बाजूला सारत शिरले.

आणि दिसेनासे झाले.

आम्ही सगळे बांधावर उभे. ज्वारी हलली, थांबली, पुढे हलली. पटक्याचे टोकसुद्धा दिसत नव्हते.

"भाईजान?" हमीदाबीने हाक मारली. "कुठं हायत तुमी?"

"हितंच हाय की," आतून आवाज आला.

"जरा उभं ऱ्हावा म्हंजे दिसाल," ज्ञानबा म्हणाला.

"उभाच हाय मी." थोडा वेळ गेला. "हात वर करू का?"

ज्वारीच्या कणसांवर पाच बोटे आली आणि हलली. बांधावरचे सगळे लोक हसू लागले. चाँदपाशांची बायको पदर तोंडाला लावून खाली बसली. हमीदाबी हसत नव्हती. ती त्या बोटांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते पुसायचे तिला सुचत नव्हते.

मी आत शिरलो. दुपार होत आली होती, शेजारच्या रानातली पाने सुरळ्या झाली होती, आणि इथे ती सपाट पसरून उभी होती. खाली बसून हाताने माती उकरली. धसकटं सापडेनात. जिथे ती होती तिथे काळसर, भुसभुशीत माती. मुठीत दाबली तर गोळा राहील इतकी ओल धरलेली. मागच्या पावसाचे ते पाणी होते. बरडाला ते धरून ठेवता आले, कारण आता धरायला काहीतरी होते. पाहुण्यांनी भाकरी संपवली होती, त्यातला बराच कर्ब श्वासावाटे हवेत सोडला होता, पण सगळा नव्हे; उरला तो हा काळेपणा. आणि ओढून घेतलेले कालवण त्यांनी जाताना परत केले होते.

चाँदपाशाही माझ्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी मूठभर माती उचलली, फुंकली, हुंगली.

"एक सांगा," ते हळू म्हणाले, आणि प्रथमच आमच्या दोघांचे आवाज सारखे झाले. "खाली तुमचं औषध पोचलं. हितं कुनाचं?"

मधले सगळे दिवस ज्या "माझ्या" उपायाला मी जपत होतो, तो त्या क्षणी हातातून गळून पडला, आणि आश्चर्य हे की मला हलके वाटले.

"इथे कोणाचेही नाही," मी म्हणालो. "इथे आम्ही काहीच केलेले नाही. महेबूब सांगत होता आणि तुमच्या भावजयीने केले, तेवढेच आहे. खालचे पीक आधी सावरले, हे थोडे उशिरा. मी पाहिले तेव्हा उशिरा बसलेली पंगत अजून उठली नव्हती, इतकेच माझ्या लक्षात यायला हवे होते."

"उशिरा का बसली म्हनता पंगत?"

याचे उत्तर देणे माझे काम नव्हते.

ते उठले. ज्वारीतून बाहेर आले तेव्हा पटक्यावर फुलोऱ्याचा पिवळा चुरा पडला होता. बांधावर उभे राहून ते सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "हमीदाची जवारी उंच हाय. कासरा तिच्याच हातात. अन् अजून एक. म्होरल्या साली बैल आधी तिच्या रानात. माझं रान मागनं."

ज्ञानबाने कान खाजवला. "थोरलं धनी, ह्ये पैजेत नव्हतं."

"नव्हतं. म्हनून तर सांगतोय."

"थोरल्यांचं रान मागं? लोकं काय म्हनत्याल?"

"म्हनूं दे. लोकं माझी बोटं बघून हसली, आता अजून काय हसत्याल?"

हमीदाबीने पदराने चेहरा पुसला आणि म्हणाली, "चला, जेवायला. भज्जी गार झाली."

त्या जेवणाबद्दल लिहायलाच हवे. ज्यांनी येळवशीची भज्जी खाल्ली नाही त्यांना मी वर्णनाने ती देऊ शकत नाही, पण हिरव्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, जे जे शिवारात कोवळे आहे ते सगळे बेसनात शिजून एकजीव होते, आणि बाजरीच्या उंड्याबरोबर, म्हणजे उकडलेल्या गोळ्याबरोबर, ते खाताना माणूस बोलत नाही. सोबत गव्हाची खीर आणि तिळाच्या पोळ्या. वर आंबील, ज्वारीच्या पिठाची, आंबट ताकातली, मडक्यात गार राहिलेली. मी तिचे तीन पेले घेतले. चौथा चाँदपाशांनी आग्रहाने दिला. "घ्या, मास्तरसाब. आवाज खुलतो." त्यानंतर कोपीच्या सावलीत मला झोप लागली, ती दिवस कलताना ज्ञानबाने हलवून जागे करेपर्यंत. कोणाच्या तरी खोडकर हाताने माझ्या उशाशी चुन्याचा एक जादा दगड मांडून ठेवला होता. मी सहावा पांडव झालो होतो.

मी झोपेत असताना मंडळींनी पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी घातली होती. ती करताना एक घोष करतात, कानडी वळणाचा. त्याचा अर्थ मी चार जणांना विचारला आणि चार उत्तरे मिळाली. मला न उठवता ती झाल्याची खंत वाटली. पण संध्याकाळची फेरी मिळाली. सूर्य बुडताना कडब्याची एक पेंढी पेटवतात आणि ती उंच धरून रानाच्या कडेने पळत फिरतात. सगळ्या शिवारात त्या वेळी अशा ज्वाळा धावत होत्या, दूरच्या माळावरसुद्धा. यंदा पेंढी हमीदाबीने धरावी, असे चाँदपाशा म्हणाले. "तुमी थोरले," ती म्हणाली. मग त्यांनीच ती उचलली आणि त्या वयात, पटका सावरत, दोन्ही रानांना मिळून एकच फेरी मारली. मधल्या बांधावर ते वळले नाहीत.

फेरी संपल्यावर उरलेली पेंढी बांधावर टाकून जळू द्यायची, अशी रीत आहे. चाँदपाशांनी ती टाकली. मुले भोवती जमली. ते क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले, आणि मग जोड्याने तिच्यावर माती लोटून त्यांनी ज्वाळा विझवली. अर्धी पेंढी शाबूत होती. धुराने खोकत त्यांनी ती उचलली, बांध ओलांडला, आणि हमीदाबीच्या रानाच्या कोपऱ्यात तिने पुढल्या वर्षासाठी धसकटं कुजवायला खणून ठेवलेल्या खड्ड्यात नेऊन टाकली.

"उजेडाला एवढं पुरं," ते हात झटकत म्हणाले. "ऱ्हायलेलं पावण्यांना."